एर्जेची रेघ शिकायचीय? शाईचं पेन आधी बाजूला ठेवा

एर्जे या बेल्जियन चित्रकाराचं टिनटिन बघून कॉमिक काढायला बसलेली लई पोरं आहेत कोल्हापुरात, आणि बहुतेक सगळे पहिल्याच दिवशी शाई घेऊन बसतात, तिथंच गडबड होते. एर्जेची ती रेघ दिसायला एकदम सोपी, सगळीकडं जवळपास एकाच जाडीची, सावल्या जवळजवळ नाहीत, रंग सपाट. पण एर्जे एकेका आकृतीवर पेन्सिलनं रेघांवर रेघा ओढत बसायचा, कागद पार काळा व्हायचा, मग त्यातली सगळ्यात जिवंत रेघ शोधून तेवढीच दुसऱ्या कागदावर ट्रेस करायचा.

म्हणून पहिलं काम, पेठेतल्या कुठल्याही तालमीत वस्तादांना विचारून कोपऱ्यात बसा, एकच डाव धरा, धोबीपछाड घ्या, आणि एचबी पेन्सिलनं त्याच जागी दहा-बारा वेळा काढा, खोडरबर घरी ठेवा. घरी आल्यावर वर बटर पेपर टाकून एकच रेघ निवडा. पैलवानाचा चेहरा साधाच ठेवा, टिनटिनचे डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके, पण मागची गाडी, रस्ता, इमारत एकदम खरी असते एर्जेकडं. त्यामुळं भवानी मंडप काढायचा तर समोर उभं राहून कमान बघा, फोटोवर भागवू नका. चित्रकार आबालाल रहमान कोटीतीर्थ तळ्यावर जाऊन बसायचे तसं बसा.

आता माणसाबद्दल. खरं नाव जॉर्ज रेमी, १९०७ साली ब्रसेल्सजवळ एटरबेकला जन्म, आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की एर्जे. १० जानेवारी १९२९ ला एका पेपरच्या मुलांच्या पुरवणीत टिनटिन सुरू झाला. रशिया, काँगो न बघताच काढले, आणि काँगोतल्या माणसांची चित्रं तर आज बघवत नाहीत इतकी अपमानकारक आहेत. मग १९३४ मध्ये त्याला चँग चाँगरेन भेटला, ब्रसेल्सला शिल्पकला शिकायला आलेला चिनी विद्यार्थी, आणि त्यानं खरा चीन समजावून सांगितला. चीनमध्ये घडणाऱ्या ब्लू लोटस या टिनटिनच्या पुस्तकातल्या भिंतींवरची चिनी अक्षरं खरी आहेत, त्यांना अर्थ आहे. मला वाटतं एर्जे तिथं खरा चित्रकार झाला. पहिलं पुस्तक आणि हे शेजारी ठेवून एक संध्याकाळ नुसतं बघत बसा. आणि ज्या माणसांची गोष्ट काढताय, मग ते ऊसतोड कामगार असोत नाहीतर चपला शिवणारे, आधी त्यांच्याशी बोला, काढलेलं त्यांना दाखवा.

दुसऱ्या महायुद्धात एर्जे जर्मनांच्या ताब्यातल्या पेपरात काम करत राहिला, १९४४ ला अटक झाली, काही काळ कामाला बंदी. हे पण वाचा, आवडता माणूस म्हणून सोडून देऊ नका.

पानांचं गणित त्याच काळातलं. कागदाची टंचाई होती, १९४२ पासून पुस्तकं रंगीत आणि ६२ पानांची करायची ठरली, तर शंभराच्या वर पानांच्या जुन्या गोष्टी त्यानं कापून परत काढल्या. तुम्ही आठ पानांची गोष्ट चारात बसवून बघा, आणि प्रत्येक पानाच्या शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवा म्हणजे वाचणारा पान उलटतोच. एकट्याला झेपत नसेल तर रंगाला मित्र घ्या, १९५० मध्ये त्यानं पण स्टुडिओ काढलाच की.

रंग देताना शेड नको. रात्रीचा रंकाळा असेल तर सगळीकडं एकच निळा भरा, खिडक्यांचे पिवळे चौकोन तेवढे वेगळे सोडा.