कुत्रा जेवत नसेल तर आधी काय पाहायचं

भरलेलं भांडं तसंच पडून असलं की आपण लगेच म्हणतो, भूक गेली. पण त्याला खायचंच नाही, की खायचंय पण खाता येत नाही, हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. भांडं ठेवून शेजारी बसा. भूक गेलेला कुत्रा वास घेतो, तोंड फिरवतो, कधी जागचा उठतही नाही. तोंड दुखणारा मात्र धावत येतो, घास उचलतो आणि खाली टाकतो, मान तिरकी करून एकाच बाजूने चावतो, लाळ गाळतो. अशा वेळी, तो दुखून चावणार नसेल तर, उजेडात त्याचा ओठ उचलून मागच्या दाढा पाहा. तुटलेली दाढ, लालभडक हिरडी, डोळ्याखाली आलेली सूज शोधा. टाळूही पाहा. हाडाचा किंवा काडीचा तुकडा दोन्हीकडच्या वरच्या दाढांमध्ये आडवा अडकतो आणि समोरून दिसतच नाही. घट्ट बसला असेल तर ओढू नका.

तोंड ठीक असेल तर हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. नाक गरम लागलं म्हणजे ताप, हे खरं नाही. थर्मामीटर गुदद्वारातच लावावा लागतो आणि 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस हे तापमान नेहमीचं. पाणीही मोजून ठेवा. दिवसाला किलोमागे 100 मिलिलीटरच्या वर पीत असेल तर मूत्रपिंड, मधुमेह तपासायलाच हवा. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत खाणं सोडून खूप पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लसीनंतरचा एखाद-दुसरा दिवस, कडक ऊन, नवं घर यांनीही भूक मंदावते. कुत्रा तरतरीत असेल, पाणी पीत असेल, तर 24 तास थांबायला हरकत नाही. लहान पिल्लासाठी मात्र 12 तासही खूप झाले. छोट्या जातीच्या पिल्लाची साखर झपाट्याने उतरते.

तोवर अन्न कोमट करून द्या, वास सुटतो. 15-20 मिनिटांत खाल्लं नाही तर भांडं उचला. एकामागून एक नवे पदार्थ पुढे करू नका. जेवण नाकारलं की काहीतरी चांगलं मिळतं, हे तो फार लवकर शिकतो. मळमळत असताना तोंडात घास कोंबला तर त्याच अन्नाचा कायमचा तिटकारा बसू शकतो. माणसांची वेदनाशामकं, विशेषतः आयब्युप्रोफेन, अजिबात नकोत.

पोट फुगलंय, ओकारीचे उमाळे येतायत पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर तासभरसुद्धा थांबू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो. निघताना शेवटचं पोटभर कधी खाल्लं, किती वेळा उलटी झाली आणि शी कशी झाली, एवढं कागदावर लिहून न्या.