पिंक सॅल्मनची चढण यंदा लवकर आली की उशिरा, हे कसं ठरवायचं

विषम वर्षाचा ऑगस्ट लागला की सिअ‍ॅटलच्या आसपासच्या नद्यांवर, पुलावरून जाणारी माणसं थांबून खाली बघू लागतात. पाण्यात पिंक सॅल्मनचे घोळके दिसतात आणि कोणीतरी म्हणतंच, "यंदा फार लवकर आले." हे खरं आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. वही, घड्याळ, साधा थर्मामीटर आणि पोलराइज्ड चष्मा एवढं सामान पुरतं. मात्र चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे: मासा कोणता, वर्ष कोणतं, नदी कोणती, पाणी कसं? पहिल्या तीन प्रश्नांवर घाई केली की चौथ्याचं उत्तर हमखास चुकतं.

कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांना चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना 'चढण' हा शब्द समजावून सांगायला नको. फरक एवढाच की पिंक सॅल्मन समुद्रातून येतो, जन्मलेल्या नदीत एकदाच अंडी घालतो आणि मग नर-मादी दोन्ही मरतात. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो अगदी वेगळ्या कुळातला मासा. त्याच्या सवयींवरून इथला अंदाज बांधू नका.

आधी शेपटी बघा

वेळेबाबतच्या गैरसमजांपैकी बरेचसे मासा चुकीचा ओळखल्यामुळे होतात. पिंकच्या पाठीवर आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पाळ्यांवर मोठे, लांबट-गोल काळे ठिपके असतात. खवले इतर सॅल्मनपेक्षा बारीक. वजन साधारण दीड ते अडीच किलो, लांबी 45 ते 60 सेंटीमीटर. नदीत शिरल्यावर नराच्या पाठीवर मोठं कुबड येतं आणि जबडा आकड्यासारखा वळतो.

चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅल्मनच्याही शेपटीवर दोन्हीकडे ठिपके असतात, पण ते लहान आणि गोलसर. पूर्ण वाढलेला चिनूक आकारानेच कळतो; अडचण येते ती लहान नरांची, म्हणजे 'जॅक' म्हणतात त्यांची. जुलैत दिसलेला 'लवकर आलेला पिंक' हा कधीकधी असा जॅक असतो. कोहोचे ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या पाळीवर असतात. सॉकाय आणि चम यांच्या शेपटीवर ठिपकेच नसतात; चमच्या अंगावर जांभळट-लाल उभे पट्टे येतात. शेपटी नीट दिसली नसेल तर वहीत 'सॅल्मन, जात अनिश्चित' असं लिहा आणि पुढे चला. अशा नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत.

वर्ष सम की विषम

पिंक सॅल्मनचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. त्यामुळे एकाच नदीतले सम वर्षांचे आणि विषम वर्षांचे मासे एकमेकांना कधी भेटतच नाहीत; आनुवंशिकदृष्ट्या ती दोन वेगळी घराणी आहेत. प्युजेट साउंड (सिअ‍ॅटललगतची समुद्राची खाडी) आणि कॅनडातली फ्रेझर नदी इथे मोठी चढण विषम वर्षी येते: 2021, 2023, 2025, पुढची 2027. सम वर्षी इथे पिंक दिसला तर ती वेळेची गोष्ट नव्हे, घराण्याची. स्नोहोमिश नदीत सम वर्षांची एक छोटी चढण आहे, शिवाय वाट चुकलेला एखादा मासा कुठेही दिसू शकतो. अलास्कात मात्र अनेक नद्यांत दोन्ही वर्षी मासे येतात, तेव्हा तिथला नियम इथे लावू नका.

दोन वर्षांचा हा नियम मोडल्याचं ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर या गोड्या पाण्याच्या सरोवरात आहे. 1956 मध्ये थंडर बे इथल्या मत्स्यबीज केंद्रातून सुमारे 21,000 पिल्लं सरोवरात गेली. ती जगतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. 1959 मध्ये त्यांचे वंशज नदीत चढताना दिसले. पुढे थंड, गोड्या पाण्यात काही मासे दोनाऐवजी तीन वर्षांनी प्रौढ झाले आणि 1976 पासून सम वर्षीही चढण दिसू लागली. म्हणून सम वर्षाच्या नोंदी फेकू नका. वहीत वेगळ्या पानावर ठेवा.

त्या नदीचं स्वतःचं पंचांग

'प्युजेट साउंडमध्ये पिंक ऑगस्टअखेर येतात' हे वाक्य ढोबळ आहे. ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या डंजनेस नदीत दोन गट आहेत. वरच्या पट्ट्यातला गट जुलै-ऑगस्टमध्येच शिरतो. खालच्या पट्ट्यातला गट अंडी घालतो तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. एकाच नदीत एकाला जुलै 'नेहमीचा', दुसऱ्याला 'फार लवकर'. फ्रेझरचे मासेही प्युजेट साउंडच्या बऱ्याच नद्यांपेक्षा उशिरा, मुख्यतः सप्टेंबरमध्ये, नदीत येतात. तुलना करायची ती त्याच नदीच्या, त्याच पट्ट्याच्या मागच्या वर्षांशी, आणि तीही विषमची विषमशी, समची समशी: 2025 ची 2023 शी, 2024 शी नाही.

मोजायचं कसं

जागा निवडताना तीन गोष्टी सांभाळा. भरतीचं पाणी पोहोचतं त्याच्या वर जा. सिअ‍ॅटलमधल्या डुवामिश नदीच्या खालच्या भागात मासे भरतीबरोबर पुढे-मागे होतात आणि आकडे निरर्थक ठरतात. दुसरं, पाणी नितळ हवं. रेनियर पर्वताच्या हिमनद्यांमधून येणाऱ्या प्युआलप आणि कार्बन नद्या उन्हाळ्यात दुधाळ असतात, त्यांच्यात मासा दिसत नाही. त्याऐवजी साउथ प्रेअरी क्रीकसारखा नितळ फाटा गाठा. तिसरं, तळ फिकट खडीचा आणि पाणी गुडघाभर असलेला उथळ खळाळ निवडा. डोहावर मोजू नका. डोहात मासे दिवसेंदिवस विसावतात आणि तेच तेच पुन्हा मोजले जातात.

पुलावरून एक काल्पनिक आडवी रेघ ठरवा, दोन दगडांच्या मधली. वर गेलेला मासा अधिक एक, खाली आलेला उणे एक. अर्धा तास, दर चौथ्या दिवशी, नेहमी त्याच वेळी. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ चांगली, सूर्य वर असल्याने पाण्यावरची चकाकी कमी असते. घोळका दाट असेल तर पाच-पाचांनी मोजा. शून्य आला तरी शून्य लिहा. सुरुवातीचे आणि शेवटचे शून्यच चढणीच्या कडा दाखवतात.

पहिला मासा कधी दिसला याला फार किंमत देऊ नका. चार जण बघत असतील तर तो लवकर दिसतो, एकटा बघत असेल तर उशिरा. खरी खूण म्हणजे मधली तारीख, ज्या दिवशी एकूण माशांपैकी निम्मे पुढे गेले तो दिवस. उदाहरणार्थ, नोंदी अशा आहेत समजा: 12 ऑगस्ट 4, 16 ला 18, 20 ला 75, 24 ला 160, 28 ला 210, 1 सप्टेंबर 140, 5 ला 60, 9 ला 20, 13 ला 3. बेरीज 690, निम्मे 345. 24 ऑगस्टपर्यंत 257 झाले, 28 पर्यंत 467. म्हणजे 345 चा आकडा या दोन तारखांच्या मधे, 26 ऑगस्टच्या सुमारास पडतो. चार दिवसांच्या अंतराने मोजलेल्या नोंदींवरून दोन-तीन दिवसांचा फरक सांगता येत नाही. आठवडाभराचा फरक असेल, तरच 'लवकर' किंवा 'उशिरा' म्हणा.

पाणी काय सांगतं

प्रत्येक मोजणीबरोबर तापमान लिहा. थर्मामीटर सावलीत, वाहत्या पाण्यात, वीतभर खोल, दोन मिनिटं धरा. काठावरच्या साचलेल्या पाण्याचं तापमान फसवं असतं. 18 अंश सेल्सियसच्या पुढे माशांना त्रास सुरू होतो, 21 च्या वर चढण जवळजवळ थांबते. मासे मग नदीच्या मुखाशी किंवा थंड डोहात खोळंबतात आणि पहिल्या चांगल्या पावसात एकदम सुटतात. वहीत हे 'उशीर' म्हणून दिसतं, पण समुद्रातून मासे वेळेवरच निघालेले असतात. नदीचा प्रवाह अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या मापन केंद्रांवर दर पंधरा मिनिटांनी घनफूट प्रतिसेकंदात मिळतो; तो आकडा तापमानाशेजारी टिपून ठेवा. मोजणी वाढण्याआधीच्या दोन दिवसांत प्रवाह चढला असेल, तर कारण बहुधा हातात आलं.

खोळंबा लांबला तर मासे अंडी न घालताच मरतात. हे मादीला हात न लावता ओळखता येतं. खडीत शेपटीने खळगा खणलेल्या मादीच्या शेपटीची खालची कड झिजून पांढरी पडते, पर फाटलेले दिसतात. मेलेल्या मादीची शेपटी अखंड, काळसर आणि धारदार असेल, तर तिने बहुधा खळगा खणलेलाच नाही. अशा किती आणि झिजलेल्या किती, हे वेगवेगळं मोजा. मेलेले मासे उचलू नका. नदीचं खत तेच आहे. कुत्रा बरोबर असेल तर दोरी आखूड धरा, कारण या भागातला कच्चा सॅल्मन खाऊन कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो. पाण्यात उतरायचं टाळा. खडीत जिथे आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा पट्टा असतो तिथे खाली अंडी असतात, आणि एका पावलाने ती चिरडतात.

पाण्याने उलगडा होत नसेल आणि मधली तारीख विषम वर्षांमागून विषम वर्षं एकाच दिशेने सरकत असेल, तर गोष्ट मोठी आहे. अलास्कात जूनोजवळच्या ऑक क्रीकमध्ये चार दशकांच्या रोजच्या मोजणीतून चढण सुमारे दोन आठवडे लवकर सरकल्याचं दिसलं, आणि उशिरा येणाऱ्या माशांची आनुवंशिक खूण त्या ओढ्यात घटल्याचंही. दोन हंगामांवरून असा दावा करायचा नाही. सहा-सात विषम वर्षं, म्हणजे डझनभर वर्षांची वही हवी.

ब्रिटन, आयर्लंड किंवा नॉर्वेत असाल तर हिशेब उलटा आहे. तिथला पिंक हा पाहुणा, रशियाने कोला-श्वेतसमुद्र भागात सोडलेल्या माशांचा वंशज. 2017 पासून विषम वर्षी तो मोठ्या संख्येने दिसू लागला. त्याची वीण ऑगस्ट-सप्टेंबरात होते, स्थानिक अटलांटिक सॅल्मनची साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. तिथे एकही मासा दिसला तरी फोटो, तारीख आणि जागा लगेच स्थानिक मत्स्य खात्याला कळवा. मधली तारीख काढत बसू नका.

सिअ‍ॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथल्या मत्स्य व वन्यजीव खात्याला नोंदी पाठवताना आकड्यांबरोबर रेघेची जागा, वेळ आणि किती मिनिटं मोजलं हे लिहा. नाहीतर ते आकडे दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. वही सप्टेंबरअखेर बंद करू नका. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पुराच्या तारखा त्यात टिपा, कारण पुरात खडी लोळली की अंडी जातात. पिल्लं मार्च ते मे दरम्यान खडीतून वर येतात, तीन-चार सेंटीमीटरची, अंगावर पट्टे नसलेली चंदेरी, आणि नदीत न रेंगाळता बहुतेक रात्रीच्या अंधारात समुद्राकडे निघतात. काठाच्या संथ पाण्यात ती पहिल्यांदा दिसली ती तारीखही त्याच पानावर लिहा.