पगाराच्या आधीचा रविवार

आमच्या घरी महिन्याचा शेवटचा रविवार हिशेबाचा. पगार व्हायच्या आधी बसायचं, झाल्यावर नाही. पगार झाल्या दिवशी माणूस जरा श्रीमंत असतो, त्याला सगळंच परवडतं. अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला खात्यात चौदाशे रुपये उरलेले असले की तोच माणूस शहाण्यासारखा बोलतो. पुण्यात वारज्याला भाड्याचं घर, दोघांच्या नोकऱ्या, शाळेत जाणारी लेक आणि दोघांचे मिळून हातात येणारे ८८,००० रुपये, एवढ्यावर ही बैठक तीन वर्षं चालू आहे. तुम्ही दोघं पहिल्यांदाच बसणार असाल तर काय काय घेऊन बसायचं आणि कशाची सोय आधी लावायची, ते सांगते.

सगळ्यात आधी बँकेचं स्टेटमेंट काढा, पण तीन महिन्यांचं नको, बारा महिन्यांचं. पहिल्या वर्षी आमचं गाडं इथेच अडलं होतं. मी वही घातली. त्यात वडापाव लिहिला, रिक्षा लिहिली, कोथिंबिरीची जुडी लिहिली. दर महिन्याला आठ-नऊ हजार मागे पडतायत म्हणून आम्ही खूश. मग एप्रिलमध्ये शाळेची फी, मेमध्ये गावचा प्रवास, जूनमध्ये आरोग्य विम्याचा हप्ता, आणि तीन महिन्यांत वर्षभराचं साठवलेलं सगळं साफ. त्या जूनमध्ये आम्ही एकमेकांना वडापावाच्या हिशेबावरून बोललो, हे आता आठवलं की हसू येतं. वडापावाचा काही दोष नव्हता. जे खर्च वर्षातून एकदाच येतात, ते 'अचानक' आले असं आम्ही समजत होतो. दिवाळी काही अचानक येत नाही.

म्हणून एका कोऱ्या कागदावर फक्त वर्षाचे खर्च लिहा. आमचे असे निघाले: शाळा आणि व्हॅन ६०,०००, आरोग्य विमा २४,०००, दिवाळी आणि घरकामाच्या मावशींचा बोनस धरून २५,०००, दोन दुचाकींचा विमा आणि सर्व्हिसिंग ११,०००, मे महिन्यात साताऱ्याकडे जाणं-येणं आणि तिथला खर्च १५,०००, वर्षाचे गहू-तांदूळ-तिखट ९,०००, लग्न-मुंजी-बारशांचे आहेर १२,०००. बेरीज १,५६,०००. भागिले बारा, महिन्याला १३,०००. हा आकडा पहिल्यांदा बघितला तेव्हा नवरा दोन मिनिटं काही बोलला नाही. घरभाडं २१,००० आणि हे १३,०००, म्हणजे ८८ मधले ३४ हजार आमचे नव्हतेच. उरलेल्या ५४ मध्ये किराणा, दूध, वीज, पेट्रोल, मावशींचा पगार आणि शिल्लक. आकडा कडू असतो, पण एकदा गिळला की पुढचं सगळं सोपं जातं.

या तेरा हजारांसाठी वेगळं बचत खातं उघडा. त्याला यूपीआय जोडू नका, त्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका. दोन तारखेला पैसे आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. आम्ही त्याला बारमाही खातं म्हणतो. शाळेची फी तिथून जाते, विम्याचा हप्ता तिथून जातो, आणि महिन्याच्या पैशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी कागदावर आणखी एक ओळ वाढवायची. पुण्यात करार बहुतेक अकरा महिन्यांचा. तो संपायच्या दोन महिने आधी मालकांना फोन करा, भाडं किती वाढणार ते विचारून घ्या. सोडावं लागलं तर एजंटचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो, नव्या घराचं डिपॉझिट, आणि जुनं डिपॉझिट हातात यायला लागणारा वेळ, हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं. आमच्या आधीच्या घरमालकांनी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधले आठ हजार कापले आणि पावती मागितली तर 'विश्वास नाही का?' म्हणाले. तेव्हापासून मी नव्या घरात सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढते आणि त्याच दिवशी मालकांना पाठवते.

स्वतःचं घर असेल आणि ते पुणे महापालिकेच्या हद्दीत असेल, तर मिळकतकराचं बिल नीट वाचा. मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत असते. ती बिलात दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरावा लागतो. बिल सवलतीच्या मुदतीत भरलं तर ५ किंवा १० टक्के सूट. ही मुदत सहसा मे अखेरची, पण तारीख बिलावर बघा. उशीर केला की महिन्याला २ टक्के दंड चढत जातो. गृहकर्ज बदलत्या व्याजाचं असेल तर बँकेत जाऊन एकच विचारा: २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आला, तो माझ्या कर्जात उतरला का? हप्ता कमी झाला असेल तर कमी होऊ देऊ नका, जुनाच भरत राहा. अशा कर्जाचे पैसे मुदतीआधी भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही.

आता किराणा. इथे सासूबाईंचं ऐकून माझे पैसे वाचले आणि आईचं ऐकून गेले. सासूबाई म्हणाल्या, गहू वर्षाचा भर. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. शेजारच्या वहिनी आणि आम्ही मिळून मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून तीस-तीस किलोचे चार कट्टे आणतो, दोन त्यांचे, दोन आमचे. टेम्पोचं भाडं निम्मं. गच्चीवर जुन्या चादरीवर दोन दिवस कडक ऊन द्यायचं, मग गार होऊ द्यायचा, गरम गहू डब्यात भरायचा नाही. मग एरंडेल. मी पहिल्या वर्षी वाटीभर ओतलं आणि पिठाच्या गिरणीवाल्याने दळायला नाही म्हटलं, जात्याला चिकटतं म्हणाला. सासूबाईंनी दाखवलं: बोटं तेलात बुडवायची, झटकायची, आणि पसाभर गहू तळहातांत चोळायचा. दाणा चकचकला पाहिजे, ओला दिसता कामा नये. मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. पुढच्या मार्चपर्यंत एक किडा नाही. तिखटाचंही तसंच. एप्रिलमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी आणून, देठं काढून, वाळवून डंकावर द्यायची. इंद्रायणी तांदूळ दिवाळीनंतर, मावळातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून.

आईचा सल्ला होता डाळीही वर्षाच्या घ्याव्यात आणि तेलाचा पंधरा लिटरचा डबा घ्यावा. आईच्या घरी आठ माणसं आणि मागे कोठीची खोली. आमच्याकडे तिघं आणि स्वयंपाकघरात उभं राहायला दीड माणसाची जागा. तूरडाळीला ऑगस्टमध्ये जाळी लागली, तेलाला शेवटी खवट वास यायला लागला. आमच्या दोन बेडरूमला २१,००० भाडं आहे, म्हणजे पलंगाखालच्या डब्यालाही भाडं पडतं. डाळी महिन्याच्या, तेल पंधरवड्याचं.

भाजीला मंडई स्वस्त, रात्री आठनंतर आणखी स्वस्त, हे खरं. पण वारज्याहून चाळीस रुपये वाचवायला मंडईत जाणं म्हणजे पेट्रोलला भाजी खाऊ घालणं. जवळ शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तो बघा. आणि दहा मिनिटांत दारात सामान आणणारी ॲप्स एकाच फोनवर ठेवा, शक्यतो ज्याला स्वयंपाक कमी येतो त्याच्या. मी एकदा पंधरा रुपयांची कोथिंबीर मागवली. डिलिव्हरी फुकट होण्यासाठी बिस्किटं, मग ज्यूस, मग टिश्यू पेपर. बिल २१९. कोथिंबीर पिवळी निघाली.

विजेचं बिल काढा आणि रुपये न बघता युनिट बघा. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढच्या दोनशे युनिटांचा दर जवळपास दुप्पट. म्हणजे वाचलेलं युनिट नेहमी महागातलं असतं. आमचं १४० च्या आसपास यायचं. शोधत गेलो तर गुन्हेगार गीझर. दोन किलोवॅटचा गीझर पाणी तापवताना अर्ध्या तासात एक युनिट खातो. सकाळी सहाला नवरा तो लावायचा, मी साडेसातला बंद करायचे. आता अंघोळी लागोपाठ, आणि शेवटच्या माणसाने बटण बंद करायचं. सव्वाशेच्या खाली आलोय, शंभराच्या खाली अजून एकदाही नाही. उन्हाळ्यात तर विषयच नको.

विम्याच्या कागदांची फाईल उघडली की माझी मान थोडी खाली जाते. लेक झाली त्याच महिन्यात बँकेतल्या एका गोड बोलणाऱ्या बाईंनी 'मुलीच्या शिक्षणाची एफडी' म्हणून सह्या घेतल्या. घरी येऊन वाचलं तर पंधरा वर्षांची विमा पॉलिसी. वाचलं कधी, तर दुसरा हप्ता भरल्यावर. नवी पॉलिसी कागद हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत (आता तीस) परत करता येते, हे तेव्हा माहीत असतं तर! विमा विम्यासाठी घ्या. साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, आणि सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा. कंपनीचा आरोग्य विमा असला तरी स्वतःचा वेगळा हवा, कारण नोकरी सुटली की तो सुटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेव्हा नूतनीकरणाचा आकडा जुन्याशी ताडून बघा. घरकामाच्या मावशींचं बँक खातं असेल तर त्यांना पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून द्या. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण. पैसे मे-जूनच्या सुमारास कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक राहील असं बघा.

शिल्लक कुठे टाकायची, यावर नवऱ्याच्या ऑफिसात रोज जेवणाच्या सुट्टीत परिषद भरते. त्यात मी पडत नाही. आधी तीन महिन्यांचा घरखर्च अडीनडीला बाजूला, तो साध्या एफडीत. मग मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं, वर्षाला किमान २५० रुपये. आणि पीपीएफ, म्हणजे लांब मुदतीचं सरकारी बचत खातं, वर्षाला किमान ५००. प्रत्येकात वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. पीपीएफमध्ये पैसे पाच तारखेच्या आत भरा. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर व्याज धरतात, सहा तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. प्राप्तिकराची नवी करप्रणाली घेतली असेल तर यातून कर वाचत नाही, हेही माहीत असू दे. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर यातलं काहीच सुरू करू नका. त्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चालू असतं, आधी ते मिटवा. फेब्रुवारीत पगार शंभराने कमी दिसला तर एचआरला मेल नका करू. व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो.

भिशी? घाला, पण बचत म्हणून नको, मैत्रिणी भेटतात म्हणून. माझी आहे, हजाराची.

शेवटची ओळ कागदावर दोघांच्या खिशाची. दोघांना दीड-दीड हजार, आणि त्याचा हिशेब एकमेकांना विचारायचा नाही. ही ओळ आम्ही दुसऱ्या वर्षी घातली, तेव्हापासून रविवारची बैठक भांडणाशिवाय उठते. माझे कधी पुस्तकात जातात, कधी कानातल्यात. नवऱ्याचे कुठे जातात ते विचारत नाही, पण रविवारी सकाळी 'जरा चालून येतो' म्हणून गेलेला माणूस साडेनऊला परततो, तेव्हा त्याच्या शर्टावर तर्रीचा एक तरी ठिपका असतो.