स्पीकरची वायर बदलण्याआधी कान लावा

‘कॉम्प्युटरच्या स्पीकरला डिजिटल केबल घेऊ की साधी पिन?’ असं दुरुस्तीच्या टेबलापाशी कुणी विचारलं, की मी उलट विचारतो: आत्ता ऐकू काय येतंय? स्पीकरचा पडदा (कोन) शेवटी अ‍ॅनालॉग, म्हणजे सलग चढउतार होणाऱ्या विजेच्या सिग्नलवरच हलतो. केबल डिजिटल लावली तरी आकड्यांचा असा सिग्नल बनवणारा डॅक कुठेतरी बसलेला असतोच. तो मदरबोर्डवरचा चालेल की बाहेरचा हवा, एवढंच ठरवायचं असतं.

गाणं बंद ठेवा, स्पीकरचं बटण नेहमीपेक्षा जास्त फिरवा आणि जवळ जाऊन ऐका. (नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर कानठळ्या बसतील.) शांत असेल तर ३.५ मिमीची साधी पिन उत्तम आहे, पैसे खिशातच ठेवा.

माउस हलवला की चिरचिर बदलते? तो कॉम्प्युटरच्या आतला गोंगाट. डेस्कटॉप असेल तर पिन पुढच्या पॅनेलमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घाला. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या पोटातून फिरून आलेली असते. तरीही चिरचिर राहिली तर यूएसबीवर चालणारा छोटा डॅक घ्या.

सलग घुंऽऽ येतंय आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच थांबतंय, तर बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगच्या तारांमधून फिरणारा नको तो प्रवाह. आधी लॅपटॉप आणि स्पीकर दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. अर्थिंगची जाड पिन काढून टाकायचा ‘इलाज’ सांगणारे भेटतील. जिवाशी खेळ आहे तो. यूएसबी डॅकने ही घरघर जाईलच असं नाही, त्या केबलमध्येही ग्राउंडची तार असते. इथे खरी कामाची ऑप्टिकल केबल: तिच्या तंतूतून लाल प्रकाश जातो, वीज जातच नाही. अर्थात कॉम्प्युटर आणि स्पीकर, दोन्हीकडे तो चौकोनी सॉकेट हवा. केबलच्या टोकांवरची पारदर्शक टोपणं काढा आणि तिला काटकोनात दुमडू नका.

स्पीकरला यूएसबी आहे म्हणजे तो डिजिटल, असं मात्र नाही. क्रिएटिव्ह कंपनीच्या पहिल्या ‘पेबल’ स्पीकरला यूएसबी फक्त विजेसाठी आहे, आवाज ३.५ मिमीच्या पिनेतूनच जातो. पेबल व्ही३ मध्ये आवाजही यूएसबीवरून जातो. खोक्यावर ‘यूएसबी ऑडिओ’ लिहिलंय का ते वाचा.

५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संच असेल तर हिरवी, काळी, नारिंगी अशा तीन अ‍ॅनालॉग पिनाच सोप्या पडतात. ऑप्टिकलवरून ५.१ दाबलेल्या स्वरूपातच जातं, म्हणजे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. गेमसाठी ते जागच्या जागी तयार करण्याची सोय कॉम्प्युटरमध्ये असावी लागते. ब्लूटूथ गाण्यांना ठीक, पण गेममध्ये गोळी आधी दिसते आणि ठो मागून ऐकू येतो.

पिनच ठेवणार असाल तर विंडोजचा आवाज ऐंशी-नव्वदवर ठेवून कमीजास्त स्पीकरच्या बटणावर करा. विंडोजमध्ये वीस आणि स्पीकरवर फुल्ल ठेवलंत तर गाण्याबरोबर सूंऽऽही वाढेल. डिजिटल जोडलंत तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून नवं आउटपुट निवडा. जुनंच निवडलेलं राहिलं म्हणून ‘केबल खराब निघाली’ असं सांगत परत येणारे बरेच असतात.