कॅरोटिड डॉपलर करताना आधी अँगल बघा

कॅरोटिड डॉपलर म्हणजे मानेतल्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीची सोनोग्राफी; रक्ताच्या वेगावरून धमनी किती अरुंद झाली ते कळतं. नौपाड्यातल्या आमच्या सेंटरवर नवीन डॉक्टर आला की अरुंदपणाच्या टक्केवारीचा तक्ता नंतर, आधी अँगल (ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन), हा माझा हट्ट. कर्सर (स्क्रीनवरची कोन ठरवणारी रेघ) प्रवाहाला समांतर हवा आणि अँगल ६० अंशांच्या वर नको. ६० ला २०० सेंमी प्रतिसेकंद दाखवणारा वेग कर्सर ६५ वर नेला की २३७ होतो. पेशंट तोच, प्लाक (धमनीच्या भिंतीवर साचलेला थर) तोच, पण रिपोर्टात 'मध्यम'चं 'तीव्र' झालं आणि घरचे सर्जनकडे पळाले!

उशी काढा, मान पलीकडे वळवा. आधी साध्या ग्रेस्केलवर (काळ्यापांढऱ्या चित्रावर) खालून वर आडवं बघत जा. प्लाक कुठे, केवढा, हे कळल्यावरच कलर (प्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर) लावा. आतली कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी फांदी) कुठली असा गोंधळ झाला तर कानापुढे बोटाने टकटक करा; बाहेरच्या कॅरोटिडच्या (चेहऱ्याकडे जाणाऱ्या फांदीच्या) ट्रेसमध्ये करवतीचे दाते उमटतात.

मग छोटं सॅम्पल व्हॉल्यूम (वेग मोजायची खूण) अरुंद जागेतून हळूहळू पुढे न्या आणि सर्वांत जास्त वेग पकडा. कॉमन कॅरोटिडचा (फांद्या फुटण्याआधीच्या मूळ धमनीचा) वेग बल्बच्या, म्हणजे फांद्यांजवळच्या फुगीर भागाच्या, २ ते ४ सेंमी खाली, सरळ भागात. पहिल्या वेगाला दुसऱ्याने भागलं की रेशो.

अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या २००३च्या सहमतीनुसार पीक सिस्टोलिक (ठोक्यातला सर्वांत जास्त वेग) १२५ सेंमी प्रतिसेकंदाच्या आत असेल आणि प्लाक दिसत असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांखाली. १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर गेला तर ७० किंवा अधिक. रेशोच्या सीमा २ आणि ४, एन्ड डायस्टोलिकच्या (ठोक्याच्या शेवटच्या वेगाच्या) ४० आणि १००.

खरी गंमत आकडे भांडतात तेव्हा. वर्तकनगरच्या एका काकांचा वेग २१०, म्हणजे मध्यम. कॉमन कॅरोटिडमध्ये मात्र जेमतेम ४८, रेशो ४.४. प्लाकने निम्म्याहून बरीच जास्त जागा खाल्लेली. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) मागवून बघितला तर हृदयाचं पंपिंगच कमजोर. अशा वेळी मी रेशो आणि ग्रेस्केलच्या बाजूने जाते आणि सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी स्कॅन) सुचवते. उलट, दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद असेल तर या बाजूचा वेग उगाच फुगतो.

प्रवाह दिसेनासा झाला म्हणून लगेच 'पूर्ण बंद' लिहू नका. मंद प्रवाहही दिसावा म्हणून वेगाची स्केल खाली आणा, वॉल फिल्टर (मंद वेग गाळणारी सेटिंग) कमी करा, पॉवर डॉपलर लावा. केसाएवढी धार सापडली तर पेशंटचा पुढचा निर्णय वेगळा असतो, म्हणून तसं फोन करून सांगा. रिपोर्ट संध्याकाळी गेला तरी चालेल.