शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली प्लिमथ पुन्हा चालवायची असेल तर

प्लिमथ ही क्रायस्लर कंपनीची जुनी अमेरिकी गाडी, आणि तीच परदेशात वेगळ्या नावांनीही विकली गेली. गाडीच्या नाकावर प्लिमथ लिहिलंय, डॉज किंग्जवे की डिसोटो डिप्लोमॅट, हे नंतर बघा. आधी बोनेट उघडा, टेप घ्या आणि इंजिनच्या हेडची लांबी मोजा. सुमारे २३ इंच भरली तर ते अमेरिकेतलं प्लिमथ-डॉजचं इंजिन. सुमारे २५ इंच भरली तर ते कॅनडात ओतलेलं लांब ब्लॉकचं इंजिन, जे मोठ्या डिसोटो आणि क्रायस्लरमध्येही असायचं. दोघांचं हेड पॅकिंग वेगळं, पिस्टन वेगळे. नुसतं ‘प्लिमथ सिक्सचं पॅकिंग’ म्हणून मागवलं की हमखास चुकीचं येतं. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला पुढच्या बाजूला, डायनॅमोच्या वरच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने नाही, रॉकेलच्या फडक्याने पुसा. पी-१५ ने सुरू होणारा नंबर १९४६ ते ४८ चा, पी-२० हा १९५० चा, पी-२४ हा १९५३ चा.

नाव वेगळं आणि लोखंड एकच, हा या गाडीचा सगळ्यात मोठा आधार आहे. प्लिमथ हे नाव संपलं तेही बऱ्याच अंशी याच गुणामुळे. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२८ साली फोर्ड आणि शेवरोलेच्या किमतीच्या पट्ट्यात उतरण्यासाठी प्लिमथ काढली. त्याच वर्षी डिसोटोही काढली आणि डॉज कंपनी विकत घेतली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक प्लिमथला पहिल्या दिवसापासून होते. शेवरोलेला ते १९३६ मध्ये मिळाले, फोर्डला १९३९ मध्ये. १९३० मध्ये मंदीच्या ऐन तडाख्यात क्रायस्लरने डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर या तिघांच्याही दुकानांतून प्लिमथ विकायला परवानगी दिली. स्वस्त गाडी एकदम हजारो दुकानांत पोहोचली आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकाला जाऊन बसली.

परदेशात विकायला याच प्लिमथला डॉजचं किंवा डिसोटोचं नाक लावून पाठवायचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात जोडलेल्या गाड्यांत ही सगळी नावं आहेत. म्हणून महाराष्ट्रात सुटे भाग शोधताना तिन्ही नावांनी विचारा. किंग्जवेचा वॉटर पंप, डिप्लोमॅटचे ब्रेक सिलिंडर आणि प्लिमथचा डिस्ट्रिब्यूटर बहुतेक वेळा एकमेकांना चालतात. भाग बदलायच्या आधी जुन्यावरचा ओतीव नंबर वाचून ठेवा.

इंजिन फिरवण्यापूर्वी

सेल्फ मारायची घाई करू नका. सहाही प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन मोठे चमचे सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. अ‍ॅसिटोनजवळ ठिणगी नको, शेडचं दार उघडं ठेवा. मग पुलीवरच्या बोल्टला लांब पान्हा लावून मागे-पुढे हलवा. एकदम जोर लावला तर अडकलेली रिंग तुटते.

इंजिन फिरलं तरी काम संपत नाही. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उभे असतात आणि ओल धरली की गाइडमध्ये अडकतात. व्हॉल्व्हला खालून ढकलणारा टॅपेट खाली येतो आणि व्हॉल्व्ह वरच लटकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालची टॅपेटची दोन झाकणं उघडून प्रत्येक व्हॉल्व्ह खाली बसतोय का ते डोळ्यांनी पाहा. अडकलेला असेल तर हेड उतरवून, गंज सोडवणारं तेल घालून लाकडी ठोकळ्याने हलके ठोका. टॅपेटची फट इंजिन गरम असताना एक्झॉस्टला ०.०१० इंच, इनटेकला ०.००८ ते ०.०१०. फट ‘आवाज नको’ म्हणून कमी ठेवली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि महिन्याभरात जळतो. या इंजिनचा थोडा टकटक आवाज निरोगी असतो.

कॉम्प्रेशन सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. सगळे ९० पाउंडांच्या वर असावेत आणि आपसात १० पाउंडांहून जास्त फरक नसावा. शेजारशेजारचे दोन कमी दाखवत असतील तर मधलं पॅकिंग उडालंय. हेड बसवताना बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन टप्प्यांत, ६५ ते ७० फूट-पाउंडांपर्यंत आवळा. काही बोल्टची भोकं थेट पाण्यात उतरतात. आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी आट्यांतून वर येतं, आणि पॅकिंग उडालं समजून हेड पुन्हा उघडलं जातं.

तेल ४.७ लिटर लागतं. जुन्या इंजिनात ऑइल पॅनच्या तळाशी बोटभर काळा गाळ हमखास असतो. पॅन न उतरवता नवं डिटर्जंट तेल ओतलं तर तो गाळ सुटून पंपाच्या जाळीत अडकतो. या इंजिनचा फिल्टर सगळं तेल गाळत नाही, बायपासवर असतो, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवून चालत नाही. पॅन उतरवाच.

पाण्याची नळी

या गाड्या ‘गरम होतात’ म्हणून बदनाम झाल्या, त्याचं खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, लांबभर एक चपटी पत्र्याची नळी असते. तिच्या खाचांतून थंड पाणी थेट प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पडतं. ही नळी गंजून विरते. मग पाणी पुढच्या दोन सिलिंडरांजवळच फिरतं आणि मागे पाचव्या-सहाव्याजवळ ब्लॉक भाजतो. तापमानाच्या गेजचा बल्ब पुढे असेल तर काटा शांत दिसतो आणि मागचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून जातो.

रेडिएटर उतरवा, पंप उतरवा, समोरच्या भोकातून टोकाला आकडा केलेल्या तारेने नळी ओढा. ती अखंड आली तर नशीब समजा, बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांनी येते. एकही तुकडा आत ठेवू नका. त्यानंतर ब्लॉकच्या डाव्या कुशीतले वेल्च प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढा आणि आतला गाळ तार, स्क्रू ड्रायव्हर आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उकरा. सहाव्या सिलिंडरभोवती तो वीट झाल्यासारखा घट्ट असतो. आधी ब्लॉकच्या मागच्या, पाणी काढायच्या तोटीतून तार घालून पाहा. तोटी उघडूनही पाणी येत नसेल तर गाळ तिथवर चढलाय. नवी नळी पितळेची घ्या, सरकवताना खाचा व्हॉल्व्हकडे आल्या पाहिजेत.

१९४६ ते ४८ च्या रेडिएटरला दाबाचं झाकण नसतं. त्यावर आजचं १३ पाउंडी झाकण बसवलं की जुने सांधे सुटतात. पाणी गळ्यापर्यंत भरू नका, जाळीच्या वर इंचभर पुरे. बाकीचं गरम झाल्यावर बाहेरच सांडतं.

ब्रेक

इथे दोन दिवस काढा. सगळे ब्रेक सिलिंडर, त्यांतले सगळे रबरी कप, पुढच्या दोन आणि मागची एक रबरी नळी बदलायचीच, कशी दिसते हे पाहत बसू नका. एकच सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्या झाकणाखाली असतो. तिथे धूळ पडते, झाकण उघडण्याआधी जागा पुसून घ्या.

डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे आहेत. सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. हे माहीत नसल्यामुळे पाईप लावून तोडलेले बोल्ट जुन्या गाड्यांत सर्रास सापडतात.

मागचा ड्रम निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीने बसलेला असतो. तो निघायला बोल्टच्या भोकांना धरणारा जड पुलर लागतो. अ‍ॅक्सलच्या टोकावर घणाचे घाव घातले की आतलं बेअरिंग आणि मधला थ्रस्ट ब्लॉक दुखावतो, आणि पुढे डिफरन्शियलचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. पुलरला ताण देऊन रात्रभर तसाच सोडा. टोकाचा नट काढून टाकू नका, काही आटे सैल करून जागेवरच ठेवा, नाहीतर ड्रम सुटताना उडतो.

पुढच्या चाकात प्रत्येक शूला स्वतंत्र सिलिंडर आहे. नवे लायनर लावल्यावर प्रत्येक शू ड्रममध्ये मध्यावर बसवावा लागतो, तो आपोआप बसत नाही. टाकाऊ ड्रमला खिडकी कापून तो चढवा आणि फीलर गेज घाला: पायाशी, म्हणजे अँकरजवळ ०.००६ इंच, दुसऱ्या टोकाशी ०.०१२. नुसते वरचे कॅम आवळून काम उरकलं तर लायनर एका टोकानेच घासतो, पेडल खाली जातं आणि गाडी एका बाजूला ओढते. लोक मग मास्टर सिलिंडर बदलतात आणि फरक पडत नाही.

हँडब्रेक मागच्या चाकांना नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर आहे. त्यामुळे एक मागचं चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक गाडी धरत नाही. डिफरन्शियल उचललेलं चाक उलटं फिरू देतं आणि गाडी जॅकवरून घरंगळते. पुढच्या चाकांना दगड नाही, नीट ठोकळे लावा आणि गाडीखाली जाण्याआधी घोड्या (लोखंडी स्टँड) लावा.

सहा व्होल्ट

१९५५ पर्यंतच्या गाड्या सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. ‘सहा व्होल्टमध्ये दम नाही’ हे खरं नाही. बाजारातल्या बारा व्होल्टच्या बारीक केबल लावल्या की सेल्फ रडतखडत फिरतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि अर्थपर्यंत निदान ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या, वेल्डिंगची चालते. अर्थचा बोल्ट रंगावर नको, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर हवा. कॉइलचं पॉझिटिव्ह टोक डिस्ट्रिब्यूटरकडे येतं. बॅटरी जोडल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर टोकांना क्षणभर तार टेकवा. डायनॅमोची दिशा ठरते. हे राहिलं तर तो उलटा चार्ज करतो आणि कटआउटचे पॉइंट चिकटतात.

डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये छोटा पाइप-प्लग आहे. तो काढून तार सोडा, पिस्टन वर आलेला तारेवर कळतो. टायमिंग लावताना पुलीवरची खूण गंजलेली असेल तर याहून सोपी पद्धत नाही.

पेट्रोल पंपाचं जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने सुजून फाटतं आणि पेट्रोल थेट तेलात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम घाला, कार्ब्युरेटरच्या पंपाचा चामड्याचा वॉशर तेलात भिजवून मगच बसवा.

इंजिनचे माउंट १९३१ च्या ‘फ्लोटिंग पॉवर’ पद्धतीचे आहेत: पुढचा उंचावर, पंपाजवळ, मागचा खाली गिअरबॉक्सखाली. त्यामुळे इंजिन रबरावर डोलतं आणि थरथर आत येत नाही. या एका गोष्टीने चार सिलिंडरची प्लिमथ सहा सिलिंडरसारखी शांत चालायला लागली. रबर दबलं की इंजिन खाली बसतं आणि पंखा रेडिएटर कापतो. पंखा आणि जाळी यांतलं अंतर वर आणि खाली दोन्हीकडे तपासा.

कोणत्या वर्षाची घ्यावी

विकत घेत असाल तर १९४६ ते ५४ या काळातली घ्या. जाड पत्रा, सोपं यंत्र. तिच्या उंच, आखूड आकारावर तेव्हा टीका झाली. टोपी घालून बसता आलं पाहिजे असा कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह होता, आणि १९५४ मध्ये प्लिमथ तिसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर घसरली. पण हीच उंची आज मेकॅनिकला हात घालायला जागा देते. १९५७ मध्ये क्रायस्लरचे डिझायनर व्हर्जिल एक्सनर यांनी लांब, पंखवाली गाडी काढली, विक्री उसळली. पण घाईत बांधलेल्या त्या गाड्या गळायच्या आणि लवकर गंजायच्या. ती मिळाली तर दारांखालचा पत्रा, हेडलाइटवरचा पत्रा आणि पुढचे टॉर्शन बार जिथे धरलेत ती जागा टोकदार पेचकसाने टोचून पाहा. पेचकस आत गेला तर किंमत निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या.

१९६० मध्ये कंपनीने डॉजच्या दुकानांना प्लिमथच्याच किमतीची डार्ट दिली. घरातच स्पर्धक उभा राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसोटो बंद झाली. प्लिमथने पुढे बॅराकुडा, रोड रनर यांसारख्या चांगल्या गाड्या दिल्या, पण ऐंशीच्या दशकापर्यंत प्लिमथ आणि डॉज यांच्यात बिल्ल्यापलीकडे फारसा फरक उरला नव्हता. क्रायस्लरचं जर्मन डेमलरशी विलीनीकरण झाल्यावर नोव्हेंबर १९९९ मध्ये प्लिमथ बंद करण्याची घोषणा झाली. शेवटची प्लिमथ, एक निऑन, २८ जून २००१ रोजी इलिनॉयमधल्या बेल्व्हिडिअरच्या कारखान्यातून बाहेर पडली. प्लिमथच्या नावावर विकायची म्हणून आखलेली पीटी क्रूझर शेवटी क्रायस्लर म्हणून विकली गेली.

कागद आणि पहिला फेरा

पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नाही. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आधी करून घ्या. नंबर घासणं किंवा पुन्हा ठोकणं कधीही नको.

पहिला फेरा दोन-तीन किलोमीटरचा, सपाट रस्त्यावर, सकाळच्या थंडाव्यात. परत आल्यावर चारही ड्रमवर हात ठेवा. एखादा बाकीच्यांहून जास्त तापला असेल तर तिथला शू घासतोय. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मग हेडचे बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा, आणि तेव्हाच टॅपेटची फट तपासा आणि पहिलं तेलही बदला.