बाणाची पिसं घरीच चिकटवा, पण शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, आधी नीट पुसा

२०२३ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे पुलीवाल्या धनुष्याच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हापासून आमच्या ग्राउंडवर कंपाउंडची पोरं वाढलीत आणि त्यांच्या आईबापांचा एकच प्रश्न असतो, व्हेन, म्हणजे बाणाची प्लॅस्टिकची पिसं, सारख्या का निघतात हो? अहो, बाण एकमेकांना घासले की निघणारच, पण एका पिसासाठी दर वेळी बाण दुकानात द्यायची गरज नाही, घरी आरामात होतं.

फ्लेचिंग जिग, म्हणजे पिसं नेमक्या जागी बसवायचा साचा, मात्र घ्याच, तीन पिसांमधला १२० अंशांचा कोन नजरेनं जमत नाही. बाकी व्हेन, फेविक्विकसारखा ग्लू, मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, टिश्यू आणि बारीक पॉलिश पेपर, बास.

पहिलं काम, कार्बनचा बाण हलकेच वाकवून कानाजवळ धरा. कटकट आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण बाद, त्यावर नवीन पिसं लावू नका, सोडताना तुटला तर हातात घुसतो. मग जुनी व्हेन आणि ग्लू ब्लेड आडवं धरून हळू खरवडा, कार्बनचे धागे कापता कामा नयेत. पॉलिश पेपर ओला करूनच घासा, ती धूळ नाकात जाऊ देऊ नका.

आता खरं काम, पुसणं. मागच्या वर्षी मॅचच्या आदल्या रात्री जेवून उठलो आणि तसाच घाईघाईत लेकीचे बाण करायला बसलो, सकाळी वॉर्मअपला चार पिसं गळाली, लेकीचा चेहरा अजून आठवतो. पिसं उलटी करून बघितली तर ग्लूची रेघ पिसाच्या तळाला तशीच आणि शाफ्ट कोरा चकचकीत, म्हणजे शाफ्टच तेलकट राहिला होता. उलट ग्लू शाफ्टवर राहिला आणि पीस साफ निघालं तर पिसाचा तळ पुसायचा राहिलाय. म्हणून दोन्ही अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या आणि त्या जागेला परत बोट लावू नका. शाफ्टवर पाण्याचा थेंब टाकून बघा, पसरला तर साफ, मोत्यासारखा गोल राहिला तर परत पुसा, आणि हे पाणी टिपून पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची दोरीत अडकणारी खाच, आधी फिट करा कारण जिग त्याच्यावरूनच पीस कुठं बसवायचं ते ठरवतो. नॉकपासून साधारण एक इंच जागा सोडा, सगळ्या बाणांना तेवढीच. जिगच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे चिमट्यात, धरलेल्या व्हेनच्या तळाला ग्लूची एकदम बारीक रेघ, जास्त लावला तर उलट वाळत नाही आणि बाहेर येऊन क्लॅम्प पण चिकटतो. क्लॅम्प दाबा, ग्लूच्या पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ धरा, मगच पुढचं पीस. खिडकी उघडी ठेवा, आणि सांडलेला ग्लू कापसानं किंवा सुती फडक्यानं पुसू नका, तो चटका बसेल इतका तापतो.

तिन्ही झाली की प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे फाळाकडच्या बाजूला, एक छोटा थेंब द्या. बाण टार्गेटच्या फोममध्ये घुसताना पीस तिथूनच उचकटतं. एक रात्र ठेवून मगच मारा. रिकर्व्हवाल्यांची, म्हणजे बिनपुलीच्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्यवाल्यांची, स्पिनविंग ही पातळ वळलेली पिसं मात्र डबल टेपवर बसते, ग्लूवर नाही.

आणि मॅचसाठी एका एंडमधल्या, म्हणजे एका पाळीत मारायच्या, सगळ्या बाणांची पिसं आणि नॉक एकाच रंगाचे लागतात, शाफ्टवर नाव किंवा इनिशियल पण लागतं, तर मार्कर जवळच असू द्या, लगेच लिहून टाका.